रोपं रविवारी मिळतील

मलकापूर
रविवार, ५ जानेवारी २०२५

धम्मशीला मॅडम,
नमस्कार.

ॲडमिन बाईंनी काल आपल्या दोघींना सगळ्या ग्रुपसमोर झापलं, ते वाचून मी दिवसभर हसून राह्यली. 'गच्चीवरची बाग हा समूह केवळ झाडांसाठी आहे, शनिवार-रविवारच्या गप्पा इथे नकोत.' आता मले सांगा, वांग्याचं झाड मेलं हे सांगायचं तर कसं मेलं हे नको सांगायले? आणि ते सांगायचं तर शेखरनं गच्चीवर मोटर धुतली आणि ते ऑइलचं पाणी कुंडीत गेलं, हेही आलंच. म्हणून तुमचा ईमेल मागून घेतला. इथं आपल्याले कोणी टोकणार नाही. ग्रुपवर मी पुस्तकातलं लिहिते, इथं जशी बोलते तशी लिहीन. तुम्ही मराठीच्या प्राध्यापिका, तेवढं पोटात घाला.

आमच्या घरात आम्ही तिघं. शेखर म्हणजे माहे मिस्टर, त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सासूबाई कौशल्याबाई, माहेर दुसरबीडचं, भाजीच्या मळ्यातलं. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. आणि मी, चौथीच्या वर्गाची बाई.

या रविवारचे निर्णय असे. वांगी उपटून फेकली. केस खांद्यापर्यंत कापायचे ठरवले, पार्लरच्या दारातून परत आली. शेखरले नवी गादी घ्यायची होती. दुकानात झोपून पाह्यली, तिथंच डोळा लागला, तासाभरानं दुकानदारानं उठवलं, मंग लाजेनं न घेताच घरी आले.

नांदुरा ते मलकापूर गाडीनं अर्धा तास. इतके महिने बोलून राह्यलो आणि एकमेकींचं तोंड पाह्यलं नाही. ग्रुपवर तुमच्या फोटोत जास्वंद, माह्या फोटोत मायाळूचा वेल. पुढच्या रविवारी भेटायचं का? तुमच्या बाबांच्या वांग्याची चार रोपं भेटली तर सोन्याहून पिवळं.

तुमची,
संजीवनी चोपडे


नांदुरा
बुधवार, ८ जानेवारी

प्रिय संजीवनी,
सप्रेम जय भीम.

पहिली गोष्ट, 'मॅडम' नको. दिवसभर कॉलेजात तेच ऐकते आणि म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी गृहपाठ केलेला नसतो.

माझा नवरा प्रसेनजित अकोल्याला नोकरीला असतो. शनिवारी संध्याकाळी येतो आणि आठवडाभराची झोप सोबत आणतो. या रविवारी आम्ही हॉलचे पडदे बदलायचे ठरवले. तीन दुकानं फिरलो, रंगावरून भांडलो, घरी येऊन जुने पडदे धुवून पुन्हा लावले. आता दोघंही म्हणतो, छान दिसताहेत.

बाबा माझ्याकडेच असतात. शंकरराव सुरवाडे, रेल्वेत पॉइंट्समन होते. (लग्नानंतरही मी सुरवाडेच राहिले.) आई गेल्यापासून दह्याच्या रिकाम्या डब्यांत रोपं करतात. घरात पाय ठेवायला जागा नाही. तुला चार काय, चाळीस देतील आणि वर आभार मानतील.

येत्या रविवारी मात्र जमणार नाही, प्रसेनजितच्या मित्राच्या मुलाचा वाढदिवस आहे. १९ तारखेला?

तुझी,
धम्मशीला


मलकापूर
सोमवार, १३ जानेवारी

प्रिय धम्मशीला,

१९ ला आमच्याकडं हळदीकुंकू ठेवलं आहे! म्हणजे उलट बरंच झालं, तूच ये ना. सगळ्या गल्लीतल्या बायका येतील, ओळखी होतील. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे द्यावे का स्टीलच्या वाट्या, हे अजून ठरलं नाही. शेखर म्हणते डबे द्या, वाट्या त्याले जेवायले लागतात.

संजीवनी


नांदुरा
गुरुवार, १६ जानेवारी

प्रिय संजीवनी,

हळदीकुंकवाला मी येत नाही. रागाने नव्हे, तत्त्वाने. ज्या समारंभात तुझ्या सासूबाईंना बसायला जागा नसते, तिथे मला जागा घेऊन काय करायचं? शिवाय त्याच दुपारी माझं ऑनलाइन व्याख्यान आहे: 'उतारवयातील सहजीवन: नव्या वाटा'. ज्येष्ठांच्या मैत्रीकडे मुलांनी मोकळ्या मनाने पाहावं, असं साधारण म्हणणं आहे.

रोपं मात्र थांबू शकत नाहीत, डब्यात मुळं गुंडाळायला लागलीत. बाबांना पाठवते. रविवारी घरात कोंडून त्यांना माझं व्याख्यान ऐकवण्यापेक्षा ते बरं.

वाट्या दे. डबे मी बघितले आहेत, झाकण बसत नाही.

धम्मशीला


मलकापूर
सोमवार, २० जानेवारी

प्रिय धम्मशीला,

काका आले, रोपं पोचली, आणि मले त्यांच्याशी धड दोन शब्द बोलता आलं नाही याची लाज वाटते. हॉल बायकांनी भरलेला. काका फाटकाशी आले, दोन्ही हातांत पिशव्या. दारातल्या चपला पाहून तिथंच थबकले. मी आतूनच ओरडली, 'काका, बाजूच्या जिन्यानं वरती जा, गच्चीवर आई आहेत!' सासूबाई सकाळपासून गच्चीवरच होत्या. तू लिहिलेलं मले वाण वाटताना आठवलं. पण बायका बसलेल्या होत्या, काय करणार होती मी?

सगळ्या गेल्यावर वर गेली तर काका गाडीसाठी निघून गेलेले. आणि गच्ची! सगळ्या कुंड्या उपसून माती नव्यानं भरलेली, वांगी रांगेत, मिरची उन्हात, माहा मायाळू कोपऱ्यात. मी ग्रुपवर वाचून केलेलं सगळं दोघांनी मोडून टाकलं होतं. सासूबाई नळाखाली हात धुवत होत्या. म्हणाल्या, 'मानूस चांगलाय. माती मुठीत घेतो, बोटानं चिवडत नाही.' सहा वर्षांत त्यांनी कोणाले चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. मलेही नाही.

पुढच्या रविवारी औषध फवारायले परत येतो म्हणाले म्हणे. येऊ दे ना?

संजीवनी


नांदुरा
सोमवार, २७ जानेवारी

प्रिय संजीवनी,

येऊ दे ना काय, ते मला न विचारता गेले. शनिवारी त्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, 'धम्मे, माह्या मिशा लय पांढऱ्या दिसतात का वं?' मी म्हटलं, नाही. तरी कात्री घेऊन अर्धा तास आरशासमोर.

माझं व्याख्यान फार चांगलं झालं. एक बाई रडल्या. मी शेवटी म्हटलं होतं, 'आई-बाबांच्या आयुष्यात नवं माणूस आलं, तर मुलांनी पहारेकरी होऊ नये.' हे वाक्य आयोजकांनी फोटोवर छापून फिरवलं.

आणि काल बाबा गुणगुणत घरात शिरले, तेव्हा मी म्हटलं, 'इतका उशीर?' ते दचकले. मीही दचकले. गाडी उशिरा आली होती, एवढंच.

धम्मशीला


मलकापूर
सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय धम्मशीला,

वांग्याले कळ्या दिसून राह्यल्या. काका काल परत आले होते. सासूबाईंनी त्यांच्यासाठी भरीत-भाकर केली, गच्चीवरच जेवले दोघं.

आता एक सांगू का, राग मानू नको. समोरच्या झुंबरबाई त्यांच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर पाहत असतात. काल मले विचारलं, 'कोन वो थे पाहुने? दर ऐतवारी येतात.' मी म्हटलं, ओळखीचे. 'आडनाव काय?' मी म्हटलं, रेल्वेतले. रेल्वे काही आडनाव नाही, पण मले तेच सुचलं.

मले स्वतःले काहीच नाही, धम्मशीला. माह्या मनात तसं कधीच नव्हतं, तुले माहीतच आहे. पण सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत. त्यांना अजून माहीत नाही. कळलं तर त्या काय म्हणतील, कसं वागतील, सांगता येत नाही, आणि उगाच काकांचा अपमान व्हायचा. गल्लीही तशीच. तर कोणी विचारलं तर काकांनी नुसतं 'शंकरराव, रेल्वेतले' एवढंच सांगितलं तर? आणि झुंबरबाईंले ते येता-जाता 'जय भीम' घालतात, त्याऐवजी नमस्कार घातला तर? सध्यापुरतं. आडनाव नाही सांगितलं तरी रोप तेच राहते ना.

तू समजून घेशील. तुझ्यासारखी समजूतदार मले दुसरी मैत्रीण नाही.

तुझीच,
संजीवनी


नांदुरा
गुरुवार, ६ फेब्रुवारी

सौ. संजीवनी चोपडे यांस,

आपलं पत्र मिळालं. मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांच्याविषयीचं होतं, त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. मग म्हणाले, 'कळ्या आल्या म्हन्ते ना? मंग आता पानी कमी कराले सांग.'

तर पाणी कमी करा.

आयुष्यभर त्यांनी गाड्यांना झेंडा दाखवला. त्यांचं आडनाव न विचारता गाड्या थांबत होत्या. घरांचं तसं नसतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे. मलाच विसर पडला होता.

ते यापुढे आपल्याकडे येणार नाहीत.

धम्मशीला सुरवाडे


मलकापूर
सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय धम्मशीला,

मागची दोन पत्रं तू वाचली का नाही माहीत नाही. हे तिसरं. गैरसमज झाला हे मी त्यात लिहिलंच आहे, परत लिहीत नाही.

हे वेगळ्या कारणासाठी. काका येणं बंद झालं त्याच्या पुढच्याच रविवारी सासूबाई म्हणाल्या, 'मी भजनाला चालले.' आमच्या घरात भजनाले कोणी कधी गेलं नाही. काल परत गेल्या. जाताना हातात दोन भरलेल्या पिशव्या, येताना रिकाम्या. नखांत माती. मी म्हटलं, 'आई, भजनात माती कुठून?' म्हणाल्या, 'जमिनीवर बसतो ना.'

आणि झुंबरबाईंनी त्यांना स्टेशनच्या रस्त्यावर एका पांढऱ्या मिशीच्या माणसासोबत चहा पिताना पाह्यलं. त्यांनी आधी शेखरले सांगितलं, मंग मले, मंग बाकी गल्लीले. शेखर जेवेना. म्हणते, 'या वयात आईनं काही केलं तर मी दुकानाचं शटर कोणत्या तोंडानं उघडू?' मी म्हटलं, तोंडानं नाही, हातानं उघडतात. तर अजूनच रागावला.

काका रविवारी घरी असतात का, एवढंच सांग.

संजीवनी


नांदुरा
बुधवार, १९ फेब्रुवारी

संजीवनीताई,

बाबा रविवारी निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बैठकीला जातात. म्हणजे तसं सांगतात. काल मी त्यांच्यासोबत नोकरीला असलेल्या राजकुमार काकांना बाजारात विचारलं. ते म्हणाले, 'बैठक? कोन्ती बैठक? शेवटची झाली तिच्यात खुर्च्या फेकल्या होत्या, तवापासून बंद हाय.'

तुमच्याशी मला आत्ता काही बोलायचं नाही. पण ही गोष्ट कोणाशी तरी बोलायला हवी आणि दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखी नाही.

मी माझ्याच व्याख्यानाचा व्हिडिओ लावून बसले होते. त्यात मी फार शांत दिसते. पहारेकऱ्याचं वाक्य आलं तेव्हा बंद केला. प्रसेनजित फोनवर म्हणाला, 'अगं, तुझंच तर हे म्हणणं होतं.' मी म्हटलं, 'ते इतरांच्या वडिलांबद्दल होतं.' तो इतका हसला की मी फोन ठेवला. मग हॉलमधला आईचा फोटो उगाच पुसत बसले. तो स्वच्छच होता.

रविवारी मी मलकापूरला येते आहे. तुम्हाला भेटायला नाही. बाबांना शोधायला.

धम्मशीला


मलकापूर
सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रिय धम्मशीला,

काल काय झालं ते तू पाह्यलं. पण तू पाठ फिरवून स्टेशनावर निघून गेली आणि अर्धं तुझ्या मागं झालं. म्हणून सगळं लिहिते.

सासूबाई सकाळी पिशव्या घेऊन निघाल्या. मी तोंडाले स्कार्फ बांधला आणि मागं मागं. स्टेशनच्या रस्त्यावर भाजीवाले बसतात तिथं त्या थांबल्या. कडुनिंबाखाली काकांनी आधीच पोतं अंथरलं होतं, दह्याचे डबे मांडले होते. मी समोरच्या कचोरीच्या गाडीमागं लपली. तिथं आधीच एक बाई उभी. चष्मा, सुती साडी, खांद्यावर झोळी. तिनं माह्याकडं असं पाह्यलं, जशी काही ती गाडी तिनं विकत घेतली. मी म्हटलं, 'जरा सरका ना बाई.' ती म्हणे, 'मी आधीपासून उभी आहे.' मी म्हटलं, 'रिझर्वेशन केलं का?' ती म्हणे, 'हळू बोला, तिकडे ऐकू जाईल.' मले वाटलं, हिलेही लपायचंच आहे तर भांडते काऊन?

जानेवारीपासून भेटायचं ठरवून राह्यलो होतो आपण. भेटलो ते असं.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज, दुसरबीडचा, अर्ध्या बाजाराले ऐकू जाणारा: 'ए, त्या दोघी! घ्यायचं आसंल तर पुढं या, नाहीतर बाजूला सरा! गिऱ्हाइकाला रोपं दिसंनात!'

काकांनी मान वर केली. 'बाई,' ते म्हणाले, 'गिऱ्हाईक नाही थे. चष्म्यावाली माही हाय. स्कार्फवाली तुमची.'

तू माह्याकडं पाह्यलं आणि म्हणाली, 'तुम्ही त्या?' मी म्हटलं, 'मी ते.' आपल्या मैत्रीतलं समोरासमोर झालेलं बोलणं एवढंच.

मंग तू पुढं गेली आणि सरळ विचारलं. माह्याच्यानं झालं नसतं. 'तुम्हा दोघांचा विचार तरी काय आहे?' सासूबाई आधी समजल्याच नाहीत. समजल्या तेव्हा इतक्या हसल्या की पदर तोंडात धरला. 'कसला इचार, बाई? चाळीस वर्सं एका मानसाचा डबा भरला, आता दुसऱ्याचा भरायला घेऊ? मला माती पायजे होती. मळ्यातून लगीन होऊन आले, तवापासून मोटरीचा काळा धूर बघती. कुंडी दिली सुनंनं, ती पण मोबाइलात बघून.' आणि काका म्हणाले, 'अन् माह्या घरी एक प्राध्यापिका हाय. तेवढी पुरे.'

इथं तू निघून गेली. डोळे पुसत गेली का नुसती रागानं, मागून दिसलं नाही.

आता पुढचं. मी सासूबाईंले बाजूले घेतलं. म्हटलं, 'आई, यांचं आडनाव तुम्हाले...' त्यांनी पुठ्ठ्याकडं बोट दाखवलं. डब्यांच्या मागं पुठ्ठा उभा होता, काकांच्या ठसठशीत अक्षरात: 'सुरवाडे-चोपडे. वांगी, मिरची, टमाटे. रोपं रविवारी मिळतील.' तू चष्मा लावूनही पाह्यला नाही आणि मी स्कार्फमधून.

म्हणाल्या, 'पहिल्याच दिवशी इचारलं मी. तुम्ही खाली वाट्या वाटत होत्या. कुठले म्हणलं, तर म्हणले नांदुऱ्याचे, भीमनगरातले. आडनाव सुरवाडे. मी म्हणलं, चहा गोड चालतो का. म्हणले, शुगर हाय.'

मी म्हटलं, 'मंग मले काऊन नाही सांगितलं?'

'तू कवा इचारलं? तू त्या झुंबरीला रेल्वेतले म्हणून सांगितलं, ते मी जिन्यात ऐकलं. मला वाटलं, सुनंलाच चालत नसंल. शिकलेली हाय, तोंडानं म्हणायची नाही. कामून तिला तरास? म्हणून यांना फोन केला अन् इकडं बसलो.'

काका टमाट्याच्या रोपांवर पाणी शिंपडत राह्यले. मी त्यांच्यासमोर त्या पोत्यावर बसली. माफी मागायले तोंड उघडलं तर म्हणाले, 'पोरी, नाव लपवून गच्चीवर बसन्यापरीस नाव लिवून रस्त्यावर बसलेलं बरं. इथं हवाबी हाय. अन् आता जरा सर, थ्या बाईले मिरची पायजे.'

शेखर दुपारी आला. झुंबरबाईंनी पाठवला असणार. पुठ्ठा वाचला, परत वाचला. मले वाटलं, आता इथंच तमाशा. तो म्हणे, 'चोपडे मागं काऊन? गाव आपलं आहे.' काका म्हणाले, 'रोपं माही हायेत.' शेखरनं मान डोलवली. त्याचं तेवढंच म्हणणं होतं.

धम्मशीला, मी लिहिलं होतं की सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत. ते वळण माहंच होतं. गैरसमज झाला, गैरसमज झाला, म्हणून तुले दोन पत्रं लिहिली. गैरसमज नव्हता. तू बरोबर समजली होती. मी चुकली. याच्यापुढं कसं लिहायचं मले येत नाही.

संजीवनी


नांदुरा
गुरुवार, २७ फेब्रुवारी

संजीवनी,

पत्र वाचलं. शुद्धलेखनाच्या चुका आहेत. शेवटच्या परिच्छेदात एकही नाही.

'जाऊ दे, विसरून जा' असं मी लिहिणार नाही. बाबांनी दोनदा चष्मा पुसला ते मी पाहिलं आहे, तू नाही. मी ते विसरणार नाही आणि तू विसरू नयेस असं मला वाटतं. पण राग गेला. कधी गेला ते सांगता येत नाही. बहुधा 'रिझर्वेशन केलं का' इथे. गाडीत बसल्यावर मला त्याचं हसू आलं आणि मी स्वतःवरच चिडले, कारण मला रडायचं होतं.

माझंही सांगते. बाबा रात्री जेवताना म्हणाले, 'मले इचारलं असतं तर मी सांगतलं असतं. तू पाळत काऊन ठेवली?' मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. जगाला मोकळ्या मनाचा उपदेश करून झाल्यावर घरासाठी काही उरलं नव्हतं, असं प्रसेनजितचं मत आहे. त्याला मत विचारलं नव्हतं. आयोजक तेच व्याख्यान पुन्हा मागताहेत. मी त्यांना म्हटलं, विषय बदला, मी कंपोस्टवर बोलते.

९ तारखेला जेवायला ये. शेखररावांनाही आण. स्टेशनवरून भीमनगर कोणीही दाखवेल. वांग्याची भाजी आणि भाकरी, तिखट असेल. येताना काही आणू नकोस, मायाळू तर मुळीच नको.

जय भीम.
धम्मशीला


मलकापूर
बुधवार, १२ मार्च

प्रिय धम्मशीला,
जय भीम.

पोटभर जेवलो. भाजी तिखट नव्हती, जाळ होती. शेखर दोन दिवस बोलून राह्यला, पण तक्रार नाही, कौतुक.

एक मात्र कबूल कर. पहिला अर्धा तास आपल्याले काहीच बोलता येईना. इतकी लांब लांब पत्रं लिहिणाऱ्या आपण दोघी, 'ऊन वाढलं' आणि 'हो ना, वाढलं' यावर आलो. तू माह्या शाळेचं विचारलं, जे तुले माहीत आहे. मी तुह्या पडद्यांची तारीफ केली, जे तू नुसते धुतलेले. मले तर वाटलं, घरी जाऊन तुले पत्र लिहावं, 'आज धम्मशीलाकडं गेली होती, तिच्याशी जमेना.' जेवताना शेखर आणि प्रसेनजित बरे. एकमेकांशी चार शब्द बोलले नाहीत आणि जेवण झाल्यावर एकाच दिवाणावर पाठीले पाठ लावून झोपले. उतारवयातलं सहजीवन कसंही असो, हे पक्कं होतं. त्यांचं घोरणं ऐकून तू हसली, मंग मी हसली, मंग कुठं आपल्याले कंठ फुटला.

आणि ज्यांच्यामुळं हे सगळं झालं ते दोघं नव्हतेच. रविवार. बाजार. मी सासूबाईंले म्हटलं होतं, एक दिवस बंद ठेवा, सोबत चला. त्या म्हणाल्या, 'तुमच्या भेटीगाठीसाठी धंदा बंद ठेवू?'

आता गल्लीचं. संध्याकाळी गाडीतून उतरून आलो तर झुंबरबाई फाटकात. 'कुठं गेले होते वो जोडीनं?' मी म्हटलं, 'नांदुऱ्याले. भीमनगरात, शंकरराव सुरवाड्यांकडं. जेवायले.' मोठ्यानं म्हटलं. खोटं कशाले बोलू, म्हणताना शेखरची बाही धरली होती. झुंबरबाई 'अस्सं' म्हणाल्या आणि आत गेल्या.

सोमवारी मी विरजणाले त्यांच्याकडं गेली. दूध आमचं, विरजण त्यांचं, लग्न होऊन आली तेव्हापासून. म्हणाल्या, संपलं. मागं ओट्यावर दह्याचं भांडं मले दिसत होतं. काल परत, संपलं.

आज सकाळी त्या स्वतः आल्या. गच्चीकडं पाहत म्हणाल्या, 'मिरचीचे रोपं लय चांगले दिसतात वो तुमचे. माह्याले बोकड्या पडला, पानं सारे गुंडाळले. चार देता का?' मी म्हटलं, 'देते की.' मंग त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, 'पन कोनाच्या हातचे हायेत थे कोनाले सांगू नका बरं. आमच्या घरी जुन्या वळनाचे लोक.'

मले काय झालं माहीत नाही. देता आले असते. चार रोपांचं काय मोठं. पण मी म्हटलं, 'मंग नाही भेटत. रविवारी बाजारात या, पाटी वाचा, पटलं तर घ्या.'

त्या गेल्या. फाटक असं आपटलं की शेखर दाढी करता करता बाहेर आला. रविवारी येतात का नाही ते सासूबाई सांगतीलच.

सध्या आमच्याकडं दही दुकानातून येऊन राह्यलं. आंबट असते. शेखर पहिल्या घासाले तोंड वाकडं करते, माह्याकडं पाहते, आणि खाते.

तुझी,
संजीवनी